कुलाब्यात जमलेल्या नोंदी
आमच्या नशिराबादपासून समुद्र लांब, पण इथली कपाशी त्याच्याच भरवशावर. 'मॉन्सून' हा शब्द मुळात अरबी 'मौसिम'. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिदने या वाऱ्यांच्या तारखा लिहून ठेवल्या.

१९५९ ते १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. शीतयुद्ध ऐन भरात, तरी रशियन आणि अमेरिकी जहाजं एकाच मोहिमेत. भारताची 'किस्तना' होती, तशी पाकिस्तानची 'झुल्फिकार'ही. हवामानाच्या नोंदी १९६३ पासून मुंबईत, कुलाब्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात जमू लागल्या. १९६५ला या दोन देशांत युद्ध पेटलं, हे आठवलं की त्या सामाईक नोंदींचं मोल मला जास्तच वाटतं.

त्यातूनच १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, गोव्यात रुजली. पुढे डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे संचालक होते. आपल्या मोहल्ल्यात किती जणांना हे नाव ठाऊक आहे?