बारा किलो सालीतला अर्धा ग्रॅम

ऑगस्ट 1962. तुम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वनात उभे आहात. उंचच उंच वृक्षांच्या सावलीत एक ठेंगणं, वाकडंतिकडं झाड आहे, पॅसिफिक यू. लाकूडतोड्यांच्या लेखी ते निव्वळ अडगळ. मोठी झाडं पाडली की उरलेल्या काटक्यांबरोबर तेही जाळायचं. शेतकी खात्याचे आर्थर बार्कले मात्र त्याचेच नमुने पिशवीत भरताहेत. कुणा वैद्यानं त्यांना हे झाड सुचवलेलं नाही. कर्करोगावर काही सापडतं का, हे पाहायला सरकारनं हजारो वनस्पती तपासायला घेतल्यात, त्यांतलीच ही एक. थांबलाच आहात तर पिशवीचं तोंड धरा.

आता 1964, नॉर्थ कॅरोलिना. रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत मनसुख वाणी काम करताहेत. जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठातलं. त्या झाडाच्या सालीचा अर्क अल्कोहोलमध्ये काढायचा, तो पाणी आणि क्लोरोफॉर्म यांत विभागायचा, मग काचेच्या नळ्यांमधून पुन्हा पुन्हा विभागत न्यायचा. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: कर्करोगाच्या गाठीला मारणारा गुण कुठल्या वाट्याला गेला? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही. तुमचा धीर सुटेल, त्यांचा सुटत नाही. अखेर 12 किलो साल आणि लाकडातून शुद्ध पदार्थ हाती येतो तो जेमतेम अर्धा ग्रॅम. हाच टॅक्सॉल.

त्याची रचना मात्र दाद देत नाही. क्ष-किरणांनी पाहावं, तर सोयीचे स्फटिक मिळत नाहीत. मग रेणूचे दोन तुकडे करून प्रत्येकाची रचना वेगवेगळी उलगडतात. 1971 मध्ये चित्र छापून येतं: वीस कार्बनचा डायटर्पिनॉइड सांगाडा, त्याला जोडलेली एक बाजूची साखळी. आणि पुढची काही वर्षं फारसं कुणी लक्ष देत नाही.

1979 मध्ये न्यूयॉर्कला सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेत डोकावा. पेशी दुभंगताना तिच्यातल्या सूक्ष्मनलिका सतत बांधल्या आणि मोडल्या जातात. तोवर ठाऊक असलेली औषधं त्यांची बांधणीच रोखत. टॅक्सॉल उलटं करतं: बांधलेली नलिका मोडूच देत नाही. विभाजन अडतं आणि पेशी मरते. आता मात्र सगळ्यांचे कान टवकारतात.

पण साल सोलली की झाड मरतं. सगळ्या रुग्णांना पुरेल इतकी साल आणायची कुठून? मार्ग फ्रान्समध्ये सापडतो. युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा मूळ सांगाडा तयार मिळतो. बाजूची साखळी प्रयोगशाळेत जोडता येते. पानं तोडली तरी पुन्हा फुटतात.

डिसेंबर 1992. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत टॅक्सॉलला मान्यता मिळते. जंगलातल्या त्या पिशवीपासून इथवर तीस वर्षं गेली. कुठल्याशा झाडात रामबाण इलाज सापडल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा आधी विचारा: त्यातला नेमका रेणू वेगळा केलाय का आणि तो पेशीत काय करतो?