गाडीत झोपाचं नसते

आमच्या घरात काही नियम असे होते की ते कुणी केले, हे विचारायची सोय नव्हती. दिवेलागणीला केर काढायचा नाही. मीठ हातावर द्यायचं नाही. आणि गाडीत झोपायचं नाही. पहिले दोन आजीचे, तिसरा आबांचा. आबा अकोल्याच्या एका कापूस अडतीत मुनीम होते आणि हंगामात त्यांच्या मुंबईला खेपा असत, त्याही रात्रीच्याच. संध्याकाळी अकोल्याला गाडीत बसायचं आणि सकाळी बोरीबंदरला उतरायचं. आजच्या हिशोबानं ५८४ किलोमीटर, आणि तेवढा वेळ डोळे टक्क उघडे. "गाडीत झोपाचं नसते बापा," एवढंच ते म्हणत. का, ते सांगत नसत.

का ते आजी सांगे, आबा उठून गेल्यावर. लग्नानंतर कधीतरी आबांना शेगावला उतरायचं होतं. डुलकी लागली आणि ते थेट भुसावळला जागे झाले, मांडीवर कुणाच्या तरी बारशाचा आहेर. हीच गोष्ट मोठ्या काकांच्या तोंडी नांदुऱ्यावरच संपे आणि आहेराच्या जागी संत्र्यांची करंडी असे. खुद्द आबांना विचारलं तर असं काही घडलंच नव्हतं. मला आजीचं भुसावळच जास्त आवडतं, म्हणून मी तेच पुढे सांगत आलो आहे.

पण डुलकीची गोष्ट खरी असो नसो, मुळात आबांच्या उमेदीच्या काळात तिसऱ्या वर्गात झोपणार कुठे? आमच्या वऱ्हाडात रेल्वे आली ती काही माणसांच्या सोयीसाठी नव्हे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत एकदम वाढली. १८६५ ला थळ घाटातून गाडी वर चढली, १८६७ ला रूळ नागपूरला टेकले. जलंबहून खामगावला फाटा निघाला, बडनेऱ्याहून अमरावतीला. दोन्ही कापसाच्या पेठा. आबांना हा सगळा इतिहास एका वाक्यात येत असे : "कापसाच्या गठाणी आडव्या जात अन् आम्ही बसून."

१९१७ च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले आणि त्या प्रवासाबद्दल त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. डब्यावर २२ माणसांचा आकडा होता, तोही बसण्यापुरता. आडवं व्हायला धड फळी नव्हती, आणि प्रवास दोन रात्रींचा. बहुतेक वाटभर आत ३५ च्या वर माणसं होती, काही खाली घाणीतच पसरलेली, काही उभी. हे वाचताना मला आबांचा डबाच दिसतो. फरक एवढाच की आबांनी कुठे पत्र लिहिलं नाही. पेटी पायाखाली, वळकटी पाठीशी, टोपी गुडघ्यावर अशी बैठक मारून ते रात्र काढत.

आणि त्या बसून काढलेल्या रात्रींचंच आमच्या घरात मग पुराण झालं. डब्यातला अंधुक पिवळा दिवा, इंजिनाचा धूर, खिडकीतून तोंड काढलं की डोळ्यात हमखास जाणारा कोळशाचा कण (तो पदराच्या टोकाला फुंकर घालून काढायची विद्या आजीकडे होती), आणि झोप नाही म्हणून बोलणं. आधी गाव कोणतं, मग पीकपाणी, मग कापसाचा भाव, मग पोरंबाळं. मलकापूर येईस्तोवर समोरच्या माणसाचं मामेकूळ कळलेलं असे. माझ्या मोठ्या आत्याची सोयरीक अशीच जुळली. बोदवड आणि वरणगावच्या मध्ये कुठेतरी समोरचे गृहस्थ म्हणाले, आमचा पुतण्या मास्तर आहे. आबा म्हणाले, आमची पोरगी फायनल पास आहे. भुसावळला चहा झाला, त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोघांत झकापकी झाली आणि तिथेच बोलणं पक्कं झालं म्हणतात. पत्रिका नंतर बघितल्या, नावापुरत्या. आत्या पुढे नवऱ्यावर चिडली की म्हणे, "बाबा एक रात्र झोपले असते तं मी सुटली असती."

शेगाव आलं की अख्खा डबा हात जोडे. अजूनही जोडतो. मध्यरात्र असो, गाडी थांबो न थांबो, कुणीतरी "शेगाव" म्हणतं आणि पांघरुणांतून हात बाहेर येतात. आजी त्यात आणखी एक करी. गजानन महाराजांच्या नावानं चिमूटभर साखर आम्हा पोरांच्या तोंडात घाली. झोपलेल्या पोराच्याही. साखर गालात धरून झोपायची सवय मला तिथली.

आजीच्या शिदोरीबद्दल मात्र सावकाशीनं सांगायला हवं. पाण्यात भिजवलेल्या पोळीला सोवळ्याओवळ्याची बाधा, दुधात भिजवलेल्या दशमीला नाही, असं आमच्याकडचं जुनं शास्त्र. म्हणून प्रवासाला दशम्या. गूळ घातलेल्या पोरांसाठी, साध्या मोठ्यांसाठी, सोबत जवसाची चटणी, तेलात कालवलेली, आणि फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी. त्या तांब्याची फिरकी इतकी घट्ट बसे की उघडायला डब्यातल्या एखाद्या पैलवानाला बोलवावं लागे, आणि मग त्या पैलवानाला दशमी दिल्याशिवाय कसं जमेल? असा आजीचा सोवळ्याचा डबा बाराजणांच्या हातून फिरून रिकामा होई. कोणाच्या हातून काय घेतलं, हे तिनं गाडीत कधी विचारलं नाही. घरी मात्र तिची विहीर वेगळी, भांडी वेगळी. या विसंगतीवर मी तिला एकदा टोकलं, तेव्हा ती म्हणाली, "गाडीत सारेच परगावचे." तिला पुढे काही बोलायचं नव्हतं. तिच्या घरात जे चाललं त्याचा मला आज संकोच वाटतो, आणि ती दशमी वाटणारी आजीही तीच होती.

भुसावळ म्हणजे आमचा मामा. इंजिनाच्या शेडमध्ये फायरमन. आमचं कुणी त्या गाडीनं जाणार असलं की तो फलाटावर हजर, वेळ कोणतीही असो. हाताला कितीही घासलं तरी न जाणारा काळा रंग आणि त्या हातात कापडात बांधलेला डबा. हिवाळ्यात त्यात हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, शिवाय केळ्यांची अर्धी फणी. गाडी थांबायची ती मिनिटं. त्यात तब्येती, परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, सगळं खिडकीच्या गजांतून उरकायचं. माझी आणि मामाची निम्मी ओळख त्या गजांतलीच आहे. गाडी हलली की तो थोडा चालत यायचा आणि दरवेळी एकच ओरडायचा, "डबा परत पाठवा रे!" ते डबे कधी परत गेले नाहीत. आईच्या फडताळात अजून तीन आहेत.

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, ८ मे ला सुरुवात, वीसेक दिवस चालला. भुसावळ म्हणजे रेल्वेवरच जगणारं गाव. पोलीस क्वार्टरांत शिरत, पुरुष शेतांत, नातेवाइकांकडे लपत. मामा आमच्याकडे आला तो गाडीनं नव्हे, एका केळीच्या ट्रकमधून, असं आई सांगते. मामी म्हणे, छे, सायकलनं, आणि तोही बऱ्हाणपूरला, अकोल्याला नव्हेच. मला मात्र आमच्या माळ्यावर झोपलेला मामा पक्का आठवतो. रात्री उठून बसायचा. आजीनं विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, शिट्टी नाही ऐकू येत, झोप कशी लागेल.

त्याच वर्षी तिसरा वर्ग गेला. गेला म्हणजे काय, पाटी गेली. वर्गांचा हा घोळ आबांनी आयुष्यभर बघितला होता. १९५५ ला जुना पहिला वर्ग मोडला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, इंटरला दुसरा, आणि तिसरा तेवढा तिसराच राहिला. मग १९७४ ला तिसऱ्याला दुसरा केलं. आबा म्हणाले, "बाकडं तेच, बूड तेच, नंबर वाढला."

मोठ्या काकांची गोष्ट या सगळ्याच्या आधीची. ते नागपूरच्या सचिवालयात कारकून. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली आणि काकांच्या टेबलासकट काका मुंबईला. घर नागपुरात, पगार मुंबईत, मधे ८३७ किलोमीटर. तोवर तिसऱ्या वर्गालाही झोपायच्या फळ्या मिळू लागल्या होत्या, पण नुसत्या लाकडी. काका सांगत, नागपूरकर कारकुनांचा एक कंपूच होता. सुटी संपवून परत निघालेले, तोंडं उतरलेली. ते पत्ते मांडत आणि इगतपुरीपर्यंत खेळत. इगतपुरीला वाफेचं इंजिन सुटून विजेचं लागे, तेवढ्यात खाली उतरून गरम वडे. मग घाट उतरायचा, दर ३७ फुटांना एक फूट उताराचा, आणि कसारा मागे पडलं की पत्ते आवरून सगळे मुंबईकर व्हायचे, म्हणजे गप्प.

पुढे नागपूरला हिवाळी अधिवेशन भरू लागलं. वर्तमानपत्रांत त्याच्यावर काय काय छापून येई, पण आमच्या घरी त्याचा अर्थ थोरला येणार एवढाच होता. फायलींच्या पेट्यांबरोबर काका सरकारी खर्चानं यायचे आणि परतताना त्यांच्या सामानात सरगुंडे, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ आणि संत्री. अकोल्याच्या फलाटावर आम्ही त्यांना भेटायला जायचो. कोणत्या खात्याचा प्रश्न कोणत्या पेटीत आणि आजीची डाळ कोणत्या पेटीत, याचा एकदा मोठा गोंधळ झाला होता म्हणतात. त्याबद्दल काकांना विचारलं की ते हसत, आणि पेन्शन सुरू झाल्यावरही त्यांनी तोंड उघडलं नाही.

मग १९७७ आलं. जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते, नगरात जन्मलेले, राजापूरचे खासदार, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घातला. इतिहासाच्या पुस्तकात याला एक ओळही कोणी देत नाही, पण या देशात रात्री प्रवास करणाऱ्या पाठींना विचारा. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली, वर्गच नसलेली, आमच्याच नागपूरच्या वाटेवरून. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्याला वर उचलायचं, अशी दंडवत्यांची भूमिका होती. आबांना हे पटलं, ते समाजवाद्यांवर एरवी रागावलेले असत तरी. पण झोपले मात्र नाहीत. माझ्या मावसभावाच्या मुंजीला जाताना मी त्यांना पाहिलं. खालचा बर्थ, निळं गुबगुबीत रेक्झिन, आणि त्यावर ताठ बसलेले आबा, हात पेटीवर. समोरच्याला गाव विचारलं. तो दिवा मालवून भिंतीकडे वळला. आबांनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला आणि मलकापूरपर्यंत मला १९३० सालचा कापसाचा भाव ऐकवला.

मी बरीच वर्षं ही हळहळ सांगत फिरलो : फोम आला आणि गोष्टी गेल्या, बसलेली माणसं बोलत होती, आडवी झालेली माणसं घोरू लागली. घरात सगळे माना डोलवायचे. आई नाही. तिनं एकदा वाटाणे सोलता सोलता माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या गोष्टी माणसांच्या. बायांले विचारलं का कोणी?" मग तिनं सांगितलं. मांडीवर एक पोर, पायाशी एक. दूध नासू नये म्हणून रात्रभर भांडं खिडकीत धरायचं. लुगडं ओलं झालं तरी उठायची सोय नाही, कारण उठलं की जागा जाई. पुरुष गोत्र विचारत होते तेव्हा ती शेंबूड पुसत होती. पाठीचं जे दुखणं तिला अजून आहे, ते त्या बाकड्यांचं, असं तिचं ठाम मत. डॉक्टरांचं वेगळं आहे, पण ते गेले कधी तिसऱ्या वर्गानं? आणि ती सोयरीक जुळली त्या रात्री आजी कुठे होती, हेही तिनंच विचारलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजी त्याच डब्यात होती, धाकट्या काकाला तापाचं घेऊन, आणि जावई ठरल्याचं तिला भुसावळच्या चहानंतर कळलं.

आता आम्ही वातानुकूलित डब्यातून जातो. काच बंद. भुसावळला कुणी डबा घेऊन आलं तरी खिडकीतून देता येणार नाही, आणि मामाही नाही. नातू मोबाइलवरून जेवण मागवतो, ते जागेवर येतं. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा असा नियम आहे, पण मंडळी नऊलाच उघडतात आणि खालच्यांना मान वाकवून बसावं लागतं. परवाच्या खेपेला आईचा बर्थ खालचा होता. मी शेजारी बसून समोरच्या तरुणाला विचारलं, कुठले तुम्ही? तो कानातलं काढून म्हणाला, वाशीम. मी सरसावून बसलो. तेवढ्यात आईनं पांघरुणातून हात काढून माझी बाही ओढली.

"त्या पोराले झोपू दे. अन् मले कल्याणले उठवजो, त्याच्या आंधी नको."