दुष्काळाचे सिनेमे साधन म्हणून कसे वाचायचे?

'दुष्काळ आणि मराठी सिनेमा' असा विषय घेतलात तर पहिली शंका हीच येईल: सिनेमा काल्पनिक, मग तो इतिहासाचं साधन कसा? सिनेमा ज्या काळात तयार झाला, त्या काळाची समजूत तो सांगतो. म्हणून त्याला एक प्रश्न विचारायचा: इथे माणूस तगतो तो कशाच्या जोरावर?

तीन सिनेमे घेऊ. बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) जमीन सावकाराकडे जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. म्हणजे तगायचं तर गाव सोडायचं. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) विदर्भातला. शेजारी आत्महत्या करतो, तेव्हा घाबरलेली बायको नवऱ्यावर पाळत ठेवते. इथे तगण्याचा भार घरातल्या बाईवर येतो. आदिनाथ कोठारे यांच्या 'पाणी'मध्ये (२०२४) नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचा तरुण, पाण्यावाचून लग्न अडलेला, गावालाच कामाला लावतो. आता तगणं ही गावाची जबाबदारी झाली.

आता काय सुटलं ते बघा. मराठवाड्यात जुन्या माणसांपुढे '७२चा दुष्काळ' म्हणा. सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडणं लगेच निघतं. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या तिन्ही कथांच्या केंद्रस्थानी मात्र ही कामं नाहीत.

ही पोकळी भरायला जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला जा. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं आणि चारच वर्षांत तो दुष्काळ आला. धरण उशाशी असलेल्या गावांना त्याचा किती आधार झाला? कालव्याखालच्या आणि माळावरच्या गावांत काय फरक पडला? 'कसं सोसलंत?' असं विचारू नका, उत्तर 'सोसलं कसंतरी' एवढंच येईल. कोणत्या कामावर होतात, मजुरी धान्यात की पैशात, जनावरांचं काय केलं, हे विचारा. मग गॅझेटियर आणि मजुरांची हजेरीपत्रकं शोधा, आणि सिनेमा परत बघा.

प्रबंधात 'चिवट शेतकरी' हा शब्द जपून वापरा. चिवटपणाचं कौतुक करताना, त्याला चिवट व्हायची वेळ कोणी आणली हे राहून जातं. इतिहासाचा मूळ प्रश्न तोच आहे.