५ वॅटचा रेडिओ आणि पावसाळ्याची रात्र: हॅम मंडळींनी बॅटरी कोणती घ्यावी?

२७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं आणि गाडीत हजाराहून जास्त प्रवासी होते. एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाच्या मदतीने सगळे सुखरूप बाहेर आले. त्याआधी २६ जुलै २००५ ला तर मुंबई आणि ठाणे जिल्ह्यातल्या अनेकांनी वीज नाही, लोकल नाही आणि फोनही लागत नाही, अशी रात्र काढली होती.

वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर आणि जनरेटरवर चालतो. ते संपलं की टॉवर बंद. हॅम रेडिओला मधला टॉवर लागत नाही. एका अँटेनावरून निघालेला संदेश थेट दुसऱ्या अँटेनापर्यंत जातो. लागते फक्त वीज. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात कुणी हॅम लायसन्स काढलं, तर रेडिओइतकाच बॅटरीचा विचार करायला हवा.

(हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचं लायसन्स सक्तीचं आहे. त्याची परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते.)

किती बॅटरी पुरेल?

कमी ताकदीवर, साधारण ५ वॅटवर बोलण्याला हॅम लोक 'क्यूआरपी' म्हणतात. एवढ्या ताकदीत योग्य वेळी, योग्य बँडवर दुसऱ्या राज्यातल्या माणसाशीही बोलता येतं. बॅटरी छोटी चालते, हा त्याचा मोठा फायदा.

हिशेब सोपा आहे. याएसूचा एफटी-८१७ हा या प्रकारातला गाजलेला सेट. असा सेट नुसता ऐकताना साधारण ०.४५ अँपिअर आणि पूर्ण ताकदीने बोलताना २ अँपिअरच्या आसपास वीज घेतो. तासातली ४८ मिनिटं ऐकलं आणि १२ मिनिटं बोललं, तर सरासरी येते पाऊण अँपिअर. म्हणजे चार तासांना ३ अँपिअर-अवर, ८ तासांना ६. आपल्याला किती तास हवेत ते आधी ठरवायचं, मग दुकानात जायचं. बहुतेक जण उलटं करतात.

व्होल्टेजचा घोळ

टेबलावरचे बहुतेक सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यात वर-खाली १५ टक्के चालतात. म्हणजे ११.७ ते १५.९ व्होल्ट. बॅटरी निवडताना हे दोन आकडे लक्षात ठेवायचे.

घरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त आणि कुठेही मिळणारी. पण वजन २ किलोहून जास्त, आणि निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. निम्मी उतरल्यावर बोलायचं बटण दाबलं की व्होल्टेज खाली बसतं आणि सेट कुरकुर करू लागतो. घरात कोपऱ्यात ठेवायला ठीक. ती पाठीवर घेऊन चंदेरी किंवा मलंगगड चढायचा असेल, तर एकदाच चढाल.

लिथियम-आयनच्या १८६५० सेलचं गणित वेगळंच अडतं. तीन सेल जोडले तर पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट, आणि थोड्याच वेळात १३.८ वाल्या सेटला कमी पडू लागतात. चार जोडले तर पूर्ण चार्जला १६.८ व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या वर. मुळातच १२ व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या छोट्या सेटना तीन सेल पुरतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला बिटएक्स त्यातलाच.

राहिली लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. हिचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार जोडले की १२.८, आणि बॅटरी जवळपास रिकामी होईपर्यंत व्होल्टेज फारसं हलत नाही. चार्जिंगची वेळ दोन हजारांच्या घरात येईपर्यंत टिकते, आग लागण्याचा धोका साध्या लिथियम-आयनपेक्षा बराच कमी. ३२७०० नावाचे ६ अँपिअर-अवरचे जाडजूड सेल भारतात सहज मिळतात. चारांचं वजन सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. नव्या माणसाने डोकं न खाजवता हीच घ्यावी. सोबत बीएमएस सर्किट हवंच, कारण तेच जास्त चार्जिंग आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतं.

पॉवर बँक चालेल का?

चालते, पण ऐकू येत नाही! पॉवर बँकमधलं व्होल्टेज वाढवणारं सर्किट रेडिओत खरखर सोडतं आणि दूरचे क्षीण सिग्नल त्यात बुडतात. शिवाय '२०,००० एमएएच' हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२ व्होल्टला तो ६ अँपिअर-अवरच्या आसपास भरतो, त्यातूनही रूपांतरात थोडा जातो.

खोटे आकडे ओळखायचे कसे?

१८६५० सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं की पुढच्या दुकानात जा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते आणि वजन ४५ ग्रॅमच्या जवळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा, हलका भरला तर आत काय आहे देव जाणे. उल्हासनगरच्या नावावर 'मेड इन यूएसए'चा विनोद जुना आहे, पण असे सेल कुठल्याही शहरात आणि ऑनलाइनही मिळतात. लिथियम सेल आणि बॅटरीसाठी बीआयएसची आयएस १६०४६ नोंदणी सक्तीची आहे; तो शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर पाहा.

आणखी काय सांभाळायचं?

परदेशी लेखांमध्ये थंडीत बॅटरी कशी जपावी यावर पानंच्या पानं असतात. बदलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपली काळजी उलटी. लेड-अॅसिडचं आयुष्य दर ८ ते १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. लिथियम पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. महिनोन् महिने पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून ठेवावी.

चार्जर त्या-त्या बॅटरीचाच हवा. एलएफपीचा चार्जर १४.६ व्होल्टला थांबतो. जुना लेड-अॅसिडचा चार्जर तिला लावून रात्रभर झोपू नये. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाकावा. दहा-वीस रुपयांचा तो काचेचा तुकडा विसरला आणि वायर शॉर्ट झाली, तर वायर वितळते.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, बॅटरी पूर्ण चार्ज करून तिला १२ व्होल्ट, १० वॅटचा गाडीचा बल्ब लावा. तो रेडिओच्या सरासरीइतकीच, किंचित जास्त वीज खातो. ६ अँपिअर-अवरची चांगली एलएफपी सात तासांच्या आसपास तो पेटता ठेवते. चार तासांत विझला, तर नवी बॅटरी आणायला जून उजाडायची वाट पाहू नका.