आरोग्य व समाजसेवा, एकात्मिक : आटगाव परिसर (शहापूर व मुरबाड तालुके)

एखाद्या वस्तीतील लोकांचे आजार आणि त्यांचे अन्न, पाणी, निवारा, रोजगार, कर्ज व शिक्षण या बाबी परस्परांशी निगडित मानून, त्यांविषयीच्या सेवा एकाच योजनेखाली व शक्यतो एकाच स्थानिक कार्यकर्त्यामार्फत घरापर्यंत पोहोचविण्याची पद्धती. केवळ रुग्णाला औषध देणारी सेवा ही रोग झाल्यानंतर सुरू होते. केवळ दारिद्र्यनिवारण करणारी सेवा रोगाची दखल घेत नाही. या दोहोंमधील अंतर भरून काढणे, हा एकात्मिक सेवेचा मुख्य हेतू होय. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात या पद्धतीचे महत्त्वाचे प्रयोग झाले, तसेच तिच्या अपयशाची उदाहरणेही घडली. त्यामुळे तिच्या अभ्यासास हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे.

प्रदेश व लोक : आटगाव हे शहापूर तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर, मुंबईपासून लोहमार्गाने सु. ९५ किमी. अंतरावर आहे. हा लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. त्यामुळे परिसराचा मुंबईशी संबंध जुना आहे. मात्र लोहमार्गापासून दूर असलेल्या वाड्यापाड्यांना त्याचा लाभ फारसा झाला नाही. शहापूरच्या दक्षिणेस असलेला मुरबाड तालुका पूर्वेकडे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरला आहे. दोन्ही तालुक्यांत भातशेती हा मुख्य व्यवसाय असून वरकस जमिनीत नाचणी व वरई ही पिके घेतात. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी जमाती आणि कुणबी, आगरी इ. समाज येथे राहतात. तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांद्वारे मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा मोठा भाग याच टापूतून होतो. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. तथापि काळ्या खडकाच्या या भूमीत पावसाचे पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांतील विहिरी आटतात व स्त्रियांना पाण्यासाठी दूरवर जावे लागते. पाण्याच्या या टंचाईचा अतिसार, त्वचारोग आणि स्त्रियांची शारीरिक झीज यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आहे.

आजारांचे ऋतुचक्र : येथील अनारोग्याला वर्षभराचा एक ठरावीक क्रम आहे. आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपत आलेले असते. त्याच वेळी लावणीचे कष्ट सर्वाधिक असतात; हिवताप व अतिसार बळावतात, सर्पदंशाचा धोका वाढतो आणि ओढ्यांना पूर आल्याने दवाखान्याची वाट बंद होते. गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि लहान मुले यांना हा काळ सर्वांत घातक ठरतो. धान्य मिळविण्यासाठी कर्ज घ्यावे लागते व ते फेडण्यासाठी दिवाळीनंतर घर सोडावे लागते. विशेषतः कातकरी कुटुंबे वीटभट्टीमालकाकडून उचल घेऊन भिवंडी, कल्याण इ. तालुक्यांतील भट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत मुलांची शाळा, अंगणवाडीचा आहार, लसीकरण व गरोदर स्त्रियांची तपासणी या सर्वांमध्ये खंड पडतो. भूक, कर्ज, स्थलांतर व रोग ही अशा रीतीने एकाच साखळीची कडी आहेत.

स्वातंत्र्यपूर्व काल : कातकरी जमातीचे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर जंगलांवर सरकारी नियंत्रण वाढले व या जमातीच्या उपजीविकेचा पाया खचला. मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारा डी. सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराच्या घरी राबणाऱ्या लग्नगड्यांची अवस्था त्यामुळे सरकार दरबारी नोंदविली गेली. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळाची स्थापना झाली; शिक्षण व समाजसेवा यांवर या मंडळाचा भर होता. १९४५ मध्ये टिटवाळा येथील किसान सभेच्या अधिवेशनानंतर गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरोधी लढा उभा राहिला. त्याचे मुख्य क्षेत्र उंबरगाव व डहाणू तालुके हे होते. वैद्यकीय अर्थाने हे आरोग्यकार्य नव्हते. परंतु मजुरी व वेठीतून मुक्तता यांवाचून आदिवासींचे शरीर सुधारणार नाही, ही जाणीव या काळात रुजली.

शासकीय यंत्रणेची उभारणी : भोर समितीने १९४६ मध्ये प्रतिबंधक व उपचारात्मक सेवा एकत्र देणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. समूह विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला व त्याला जोडून अशी केंद्रे निघू लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शेती, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा व समाजकल्याण हे विषय त्यामुळे जिल्हा पातळीवर एका छत्राखाली आले. डोंगराळ व आदिवासी भागांसाठी पुढे २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र असे प्रमाण ठरविण्यात आले. इतरत्र ते अनुक्रमे ३०,००० व ५,००० आहे. तथापि प्रत्येक खात्याची नोंदवही, निधी व वरिष्ठ अधिकारी वेगळे राहिले. एकाच घरी परिचारिका लस देण्यासाठी, ग्रामसेवक नोंदीसाठी व शिक्षक पटसंख्येसाठी जाई. त्या घरात धान्य आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

कासा प्रकल्प : ही उणीव दूर करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १९७० नंतरच्या दशकात डहाणू तालुक्यातील कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात झाला. (कासा त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते नवनिर्मित पालघर जिल्ह्यात आहे.) बालरोगतज्ञ डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माता-बाल आरोग्य व पोषण यांचा संयुक्त कार्यक्रम राबविण्यात आला. अल्पशिक्षित स्थानिक स्त्रियांना अर्धवेळ समाजसेविका म्हणून नेमण्यात आले. त्या पाच वर्षांखालील मुलांची वजने घेत, वाढीचा आलेख ठेवीत व धोक्यात असलेली मुले आणि माता निवडून काढीत. सर्वांना सारखी सेवा देण्याऐवजी ज्यांना धोका अधिक त्यांच्याकडे अधिक वेळा जाणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. नवी यंत्रणा न उभारता चालू सरकारी केंद्रातच हे काम केले गेले, हे कासा प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय.

इतर प्रयोग : या विचाराला जागतिक पूर्वपीठिका आहे. दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये सुरू केलेल्या केंद्रात रोग्याबरोबरच त्याच्या घराची, परसबागेची व आहाराची पाहणी केली जाई. महाराष्ट्रात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळाच्या त्या वर्षांत लोकांची निकड पाणी व अन्न ही होती. त्यामुळे कामाचा प्रारंभ तेथून झाला. शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली. बहुधा निरक्षर, अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसायसाय पारितोषिक मिळाले. रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यात मांडवा येथे डॉ. नोशीर अंटिया यांनीही स्थानिक स्त्रियांमार्फत आरोग्यसेवेचा प्रयोग केला. तो यशस्वी ठरत असतानाच स्थानिक हितसंबंधीयांच्या विरोधामुळे थांबवावा लागला. गरीब स्त्रीच्या हाती आलेली आरोग्यसेवा गावातील सत्तेच्या रचनेला स्पर्श करते, हे मांडव्याच्या अनुभवातून दिसून आले.

सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आता (तत्कालीन सोव्हिएट संघ) येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा संमत झाली. अन्न, शुद्ध पाणी, स्वच्छता व शिक्षण यांचा समावेश तीत आरोग्याची अंगे म्हणून करण्यात आला. भारतात त्यापूर्वीच, २ ऑक्टोबर १९७७ पासून, हजार लोकसंख्येमागे एक ग्रामीण आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली होती. परंतु निवड गावातील वजनदार मंडळींच्या हाती राहिली, बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले आणि योजना क्षीण झाली.

योजना व त्यांतील त्रुटी : एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली व अंगणवाडी ही संस्था पाड्यापर्यंत आली. वेठबिगारी पद्धती याच सुमारास, १९७६ च्या कायद्याने, रद्द झाली. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या प्रत्यक्ष मुक्ततेसाठी पुढे श्रमजीवी संघटनेने दीर्घकाळ काम केले. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा असून पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी आदिवासींना खावटी कर्ज देण्याची योजना १९७८ पासून अमलात आली. अशा प्रकारे अन्न, रोजगार, कर्ज व बालसंगोपन यांसाठी स्वतंत्र तरतुदी झाल्या. तरीही १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले व सारा महाराष्ट्र हादरला. योजनांचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. त्या एकाच घरात, एकाच वेळी पोहोचत नव्हत्या. या अनुभवातून १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आखण्यात आली. पावसाळ्यापूर्वी धान्यपुरवठा, फिरती वैद्यकीय पथके, शुद्ध पाणी, पूरक आहार, खावटी व रोजगार यांचा समन्वय जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला. कागदोपत्री तरी हा एकात्मतेचा सर्वांत स्पष्ट आराखडा होता. त्याचे यश मात्र प्रत्येक जिल्ह्यात अधिकाऱ्यांच्या तत्परतेवर अवलंबून राहिले.

घरपोच सेवेचा पुरावा गडचिरोलीतून मिळाला. तेथे अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात अर्भकांची घरी काळजी घेण्याची पद्धत राबविली. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५·५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले व त्याने 'आशा' या गावपातळीवरील सेविकेची नेमणूक केली. या अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम प्रथम घेण्यात आला, त्यांत ठाणे जिल्हा होता. गावसमित्या आरोग्यसेवेची तपासणी करून तिला हिरवा, पिवळा वा लाल रंग देत. जनसुनवाईत तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडल्या जात. गरोदर व स्तनदा आदिवासी मातांना अंगणवाडीमार्फत रोज एक चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली.

आटगाव परिसरातील स्थिती : जिल्ह्याच्या विभाजनानंतर शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील प्रमुख आदिवासी क्षेत्र म्हणून उरले. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय व उपजिल्हा रुग्णालय आहे. पाड्यावर अंगणवाडी सेविका, आशा व उपकेंद्रातील परिचारिका या तिघींच्या कामांतूनच एकात्मता घडते वा बिघडते. एखाद्या मुलाचे वजन दोन महिने वाढले नाही, तर पहिली नोंद अंगणवाडीत होते. आजाराची तपासणी परिचारिकेने करावयाची असते. घरातील अडचण, उदा., शिधापत्रिका नसणे, मजुरी थकणे वा आईला पुन्हा दिवस जाणे, ही बहुधा आशेला ठाऊक असते. तिघींची माहिती एकत्र आली, तरच उपाय योग्य ठरतो. त्या तिघींच्या मानधनाचे व पर्यवेक्षणाचे मार्ग मात्र भिन्न खात्यांतून जातात.

स्थलांतर हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. कुटुंब वीटभट्टीवर गेले की मुलाचे नाव गावाच्या पटावरून गळते व भट्टीलगतच्या अंगणवाडीच्या पटावर चढत नाही. भट्ट्यांवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने चालविलेल्या भोंगाशाळा हा शिक्षणाच्या बाबतीत यावरील एक उपाय होता. शिधापत्रिकेवर अन्यत्र धान्य मिळण्याची सोय व स्थलांतरितांचा संगणकीय मागोवा हे अलीकडील प्रयत्न त्याच दिशेचे आहेत. परंतु नोंद स्थलांतरित झाली, तरी सेवा देणारी व्यक्ती भट्टीवर पोहोचेलच असे नाही. आणि उचलीची प्रथा कायम असेतो स्थलांतरही थांबत नाही.

मूल्यमापन : या प्रदेशाच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, घरोघर जाणारी स्थानिक स्त्री हा एकात्मिक सेवेचा कणा आहे. कासा, जामखेड व गडचिरोली या तिन्ही ठिकाणी यश तिच्यामुळे आले. दुसरा, तिला धान्य, मजुरी व पाणी यांविषयी दाद मागण्याचा अधिकार नसेल, तर ती केवळ आजाराची नोंद करणारी ठरते. तिसरा, खात्यांचा समन्वय सभेतील इतिवृत्तावरून नव्हे, तर आषाढातील एखाद्या कातकरवाडीत किती घरी धान्य आहे व भट्टीवरून परतलेल्या किती मुलांचे वजन घेतले गेले, यावरून मोजला पाहिजे. पहिला निष्कर्ष शासनाने स्वीकारला आहे. इतर दोहोंची अंमलबजावणी अद्याप अपुरी आहे.