बोर्डाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बोर्डाच्या पायरीला ही सवलत नाही. ती शहाण्यालाही चढावी लागते आणि आमच्यासारख्यांनाही. शिवाय कोर्टात निदान वकील देता येतो. बोर्डापुढे ज्याचा युक्तिवाद त्याने करायचा, तोही तीन तासांत आणि पुरवण्या नीट बांधून!

आमच्या घरात आजोबा मॅट्रिक, वडील एस. एस. सी., मी जुनी अकरावी आणि चिरंजीव दहावी. त्यामुळे बोर्डाचा इतिहास मला वेगळा वाचावा लागला नाही. तो जेवताना ताटाशेजारीच वाढलेला असे. "आमच्या वेळचं मॅट्रिक म्हणजे तुमचं बी. ए.!" हे वाक्य आजोबांनी वडिलांना ऐकवलं, वडिलांनी शब्द बदलून मला आणि मी चिरंजीवांना. या हिशेबाने माझे पणजोबा नुसत्या बाराखडीवर डॉक्टरेट असले पाहिजेत.

मॅट्रिक म्हणजे मुळात विद्यापीठाच्या पटावर नाव घालण्याची परीक्षा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक घेतली. त्या पहिल्याच परीक्षेत पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. सुरुवातच अशी झाल्यावर पुढच्यांची काय पंचाईत झाली असेल, याचा विचार कोणी केला नाही.

खरी गोम पुढेच आहे. कॉलेजात कोणाला घ्यायचं, एवढंच ठरवायला दारावर बसवलेला हा पहारेकरी. पण हळूहळू कचेऱ्यांनी कारकुनासाठी मॅट्रिक मागितलं आणि मुलींच्या बापांनी जावयासाठी. ज्याला कॉलेजची पायरीही चढायची नव्हती, त्यालाही कॉलेजच्या दरबानाकडून चिठ्ठी आणावी लागू लागली. ज्याला ती मिळाली नाही तो 'नॉनमॅट्रिक'! न मिळाल्यामुळे मिळणारी ही जगातली एकमेव पदवी असावी. आमचे एक चुलतआजोबा उत्तम हिशेबनीस होते, चार गावं त्यांच्याकडून जमाखर्च तपासून घेत. पण मरेपर्यंत त्यांची ओळख "तो इंग्रजीत गेलेला" अशीच राहिली.

हा घोळ निस्तरण्यासाठी १९४८ साली मुंबई प्रांताने कायदा केला, परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढली आणि पुण्यात एस. एस. सी. बोर्ड स्थापन केलं. १९४९ मध्ये पहिली एस. एस. सी. झाली. मराठीत तिला 'शालान्त' म्हणाले. किती शहाणा शब्द! मुलगा कॉलेजला लायक आहे की नाही हा प्रश्नच नाही; त्याची शाळा पुरी झाली, एवढंच सांगायचं. आजोबा मात्र वडिलांचं प्रमाणपत्र हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे मॅट्रिकच ना?" कायदा बदलतो, आजोबा बदलत नाहीत.

१९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रांताच्या वळणाने शिकत होता, मराठवाडा निजामी राजवटीच्या वळणाने आणि आम्ही मुंबईच्या. ही तीन वळणं एका वहीत आणायला १९६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ सुरू झालं. अभ्यासक्रम ठरवायचा राज्य मंडळाने, पुण्यात बसून. परीक्षा पार पाडायची विभागीय मंडळांनी. आज ती नऊ आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण. मग कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ मध्ये बारावीची, आणि मंडळाच्या नावात 'उच्च माध्यमिक' येऊन बसलं. आमची अकरावी अशी एका रात्रीत जुन्या बाजारात गेली.

दर मार्चला हा संसार केवढा हलतो! परीरक्षकाच्या कपाटातून मोहोरबंद पाकिटं निघतात, ती मुलांसमोर फोडली जातात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकाकडे, तिथून नियामकाकडे जातात. एवढ्या सगळ्यातून शेवटी बाहेर पडतो एक कागद. आणि त्यावर आपण पाहतो काय? टक्के. 'बोर्डात येणे' असा वाक्प्रचारच मराठीत तयार झाला. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढ्यांसकट फोटो छापून येत आणि बाकी घरांतल्या मुलांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. पुढे मंडळाने ती यादीच बंद केली, हे फार बरं केलं. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. आजोबा असते तर त्यांनी उरलेल्या त्या ०.०५ टक्क्यांचाच सत्कार केला असता.

पण मंडळाच्या सगळ्या कागदांत माझा आवडता आहे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा अर्ध्यावर सुटलेल्याने तो भरायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी तो चाळिशी उलटल्यावर भरला. लग्नामुळे नववीत शाळा सुटली होती. वर्षभर कणीक तिंबता तिंबता त्या सनावळ्या पाठ करत होत्या. चुकलं की पोळी जाड यायची, त्यावरून आम्हाला कळायचं.

जूनमध्ये त्या गुणपत्रिका घेऊन आल्या. गणितात ३८.

"काका, पास म्हणजे पासच ना? की टक्के बघतात?"

मी ती गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. १९४८ च्या कायद्याला जे म्हणायचं होतं, ते पहिल्यांदाच कोणीतरी मला इतक्या सोप्या शब्दांत विचारत होतं.

"पास म्हणजे पासच," मी म्हटलं. "शाळा पुरी झाली तुमची."

त्या दिवशी पोळ्या बाहेरून मागवल्या. पेढे मात्र बाईंचेच होते.