पावसातलं खोटं धुकं

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात घरापुढच्या हिरवळीवर थर्माकोलच्या कबरी उभ्या आहेत, झाडाला सांगाडा लटकतोय आणि झुडपामागे एक फॉग मशीन लपवलेलं आहे. थोड्याच वेळात शेजारपाजारची पोरं भुतांचे मुखवटे लावून चॉकलेटं मागायला येतील. पण सकाळपासून पाऊस भुरभुरतोय. मशीन लावायचं की नाही?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण बंद खोलीतला धूर मोकळ्या हवेत नेला की काय होतं, याचा शोध माणसं बऱ्याच काळापासून घेताहेत. त्यात भुतं दाखवणारे जादूगार आहेत, नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ आहे, युद्ध आहे आणि एक जपानी चित्रकारही आहे.

सुरुवात भुतांपासूनच करू. अठराव्या शतकात जर्मनीतल्या लाइपझिग शहरात श्रेप्फर नावाचा एक कॉफीहाउसवाला मेलेल्यांचे आत्मे बोलावून दाखवायचा. युक्ती सोपी होती. अंधारी खोली, लपवलेला मॅजिक लँटर्न आणि त्याचा प्रकाश पडायला पडद्याऐवजी धूर. धूर हलला की चित्र हलायचं, म्हणजे भूत जिवंत वाटायचं. १७७४ साली श्रेप्फरने स्वतःला गोळी घालून घेतली, पण युक्ती मागे उरली.

तिचा मोठा खेळ केला रॉबर्टसनने. १७९९ पासून पॅरिसमधल्या एका ओस पडलेल्या कॅपुचिन मठात त्याचे ‘फँटास्मागोरी’चे प्रयोग चालत. काळ लक्षात घ्या. फ्रेंच राज्यक्रांतीतलं गिलोटिनचं सत्र संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. अंधारात बसलेल्या कित्येकांच्या ओळखीची माणसं त्यात गेली असणार. त्यांच्यासमोर धुरातून चेहरे उगवत, मोठे होत अंगावर येत. (आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी मॅजिक लँटर्नचेच खेळ १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने गाजवले. पण ते भुतांपेक्षा गोष्टींचे होते.)

या सगळ्यांना एक सोय होती, ती म्हणजे चार भिंती. खोलीतला धूर सांगितलेलं ऐकतो. बाहेरचा धूर फक्त वाऱ्याचं ऐकतो.

बाहेरच्या धुराचा पद्धतशीर अभ्यास करायला लावला तो दुसऱ्या महायुद्धाने. शत्रूच्या विमानांपासून सैन्य आणि बंदरं लपवायची होती. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्युर (१९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल) आणि व्हिन्सेंट शेफर या कामाला लागले. शेफरचं शालेय शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं. तो याच कंपनीत यंत्रशाळेतला कारागीर होता, तिथून लँगम्युरचा सहकारी झाला.

दोघांनी ओळखलं, की खरा प्रश्न धूर किती यापेक्षा थेंब केवढा हा आहे. थेंब मोठा असेल तर लवकर खाली बसतो, फारच लहान असेल तर प्रकाश नीट अडवत नाही. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही लहान थेंब त्यांना हवा होता. त्यांनी तेल तापवून त्याची वाफ जोरात बाहेर सोडली. थंड हवा लागताच वाफेचे नेमके तेवढे थेंब झाले. १९४२ साली न्यूयॉर्क राज्यातलं स्कोहारी खोरं त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत धुरात बुडवून दाखवलं. पुढे १९४४ साली इटलीत अँझिओला आणि १९४५ साली ऱ्हाइन नदी ओलांडताना अमेरिकी सैन्याने असेच यांत्रिक धुराचे पडदे वापरले.

तापवा, बाहेर फेका, थंड होऊ द्या. हेच तत्त्व आज त्या झुडपामागच्या मशीनमध्ये आहे. फक्त तेलाऐवजी ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचं मिश्रण असतं. आणि हो, डेंग्यूच्या दिवसांत आपल्या गल्लीत घरघरत येणारं महापालिकेचं धूरफवारणीचं यंत्रही याच तत्त्वावर चालतं.

युद्धानंतरची गोष्ट आणखी गंमतशीर आहे. १९४६ च्या जुलैमध्ये शेफर एका फ्रीझरमध्ये ढग तयार करून बघत होता. पेटी पुरेशी थंड होईना, म्हणून त्याने आत ड्राय आइसचा तुकडा टाकला. क्षणात ढगात लाखो हिमकण चमकू लागले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्याने विमानातून खऱ्या ढगावर ड्राय आइस टाकला आणि ढगातून बर्फ पडायला लागला. कृत्रिम पावसाच्या प्रयोगांची आधुनिक सुरुवात इथली. खोटं धुकं करणारा माणूस खऱ्या ढगाला हात घालून आला!

लग्नात नवरानवरीच्या एंट्रीला पायाशी लोळणारं पांढरं धुकं याच ड्राय आइसचं. तो कार्बन डायऑक्साइडचा, उणे ७८ अंशांचा बर्फ. मात्र आपल्याला दिसतो तो वायू नसतो. गार झालेल्या ओलसर हवेतले ते पाण्याचे थेंब असतात. न दिसणारा वायू खाली साचतो, म्हणून बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

धुराची किंमत श्वास घेणारा मोजतो. रंगमंचावर पूर्वी तेलाचे आणि रसायनांचे धूर सर्रास वापरले जात. ग्लायकॉलवरचा सौम्य द्रव हा त्यावरचा तोडगा होता. तो बनवणारे जर्मनीचे ग्युंटर शाइट आणि रॉस्को कंपनी यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. तरी २००० साली ब्रॉडवेच्या नटांच्या अभ्यासात दिसलं, की दाट ग्लायकॉलच्या धुरात रोज काम केल्याने घसा आणि श्वसनमार्ग चुरचुरतो. प्रेक्षक अडीच तासांनी घरी जातो, नट दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच धुरात उभा राहतो.

म्हणूनच मला फुजिको नाकाया महत्त्वाची वाटते. तिचे वडील उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक घडवला होता. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात तिने पेप्सीचं अख्खं दालन धुक्यात गुंडाळलं. तिची अट होती, की रसायन नको, लोकांना आत शिरून श्वास घेता येईल असं शुद्ध पाण्याचं धुकं हवं. अमेरिकी ढगशास्त्रज्ञ टॉमस मी यांनी त्यासाठी खूप दाबाने पाणी फेकणारी बारीक तोंडं बनवली. वारा आला की धुकं पसरायचं, हवा कोरडी झाली की विरायचं. तिने हवामानाशी भांडण केलं नाही, त्यालाच कामात भागीदार करून घेतलं.

आता परत त्या अंगणात. पाऊस भुरभुरतोय म्हणजे हवा ओलीगच्च आहे, आणि ओल्या हवेत थेंब सहजासहजी सुकत नाहीत. वारा पडला असेल तर आज धुकं नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकेल. ते बर्फाच्या पेटीतून सोडलं तर गार होऊन जमिनीलगत सरपटेल. पण मशीन विजेवर चालतं, आणि ते उघड्यावर भिजण्यासाठी बनवलेलं नसतं. ओल ही धुक्याची मैत्रीण आणि मशीनची वैरीण.

तेव्हा मशीन पडवीत, छपराखाली ठेवायचं. वायर पाण्यापासून दूर ठेवायची आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवायचा. धुराचं तोंड मात्र बाहेर काढायचं, पोरांच्या चेहऱ्यांपासून लांब.

पुढचं वाऱ्यावर सोडायचं. तसंही हॅलोविनचं मूळ आयर्लंडच्या साउइन सणात आहे, उन्हाळा संपून अंधारे दिवस सुरू होण्याच्या वेळचा सण. त्या भिजक्या बेटावर धुकं विकत आणावं लागत नसे. ते आलं तर यायचं, नाही तर नाही.